त्सुनेआजींचं तिसरं कडवं

जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्सुने मोचिझुकी, वय वर्षं एक्क्याण्णव, यांनी साठ वर्षांपूर्वीचा स्वतःचा आवाज ऐकला आणि विचारलं, "ही कुणाची पोरगी?"

खोलीत पाच माणसं होती. त्यांतली चौघं सेइगो इनागाकींकडे बघायला लागली. इनागाकी टेपकडे बघत होते. टेपची चाकं फिरत होती, शेजारच्या काळ्या डब्यावर लाल दिवे नाचत होते, सगळं यथासांग चाललं होतं. फक्त तिशीतल्या भारदस्त गायिकेच्या जागी शाळेच्या सहलीला निघालेली पोर गात होती, आणि तीही बस सुटायच्या घाईत.

"आजी, तुम्हीच आहात त्या," इनागाकी म्हणाले.

"मी? मी जन्मात इतकी घाई केलेली नाही. सायकलवरून तोफू विकायचे, तेव्हासुद्धा नाही."

इनागाकींच्या पत्नी फुमिए चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, "अहो, ही टेप वाजवायची मशीन टोकियोहून आणलीत ना? म्हणजे नदीपलीकडची?"

इनागाकींनी उठून बटण बंद केलं.

फुजी नदीच्या काठी ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्वेच्या शहाण्यांनी विजेची यंत्रं जर्मनीहून आणली, पश्चिमेच्या शहाण्यांनी अमेरिकेहून. तेव्हापासून नदीच्या पूर्वेला वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि पश्चिमेला साठ. जुन्या मोटरी या हेलकाव्यांवर पावलं टाकतात. त्यामुळे पूर्वेची मोटर पश्चिमेला आणली की धावत सुटते. पलीकडून सून आली की तिच्याबरोबर आलेलं घड्याळ आधी तपासायचं, अशी इथली जुनी रीत होती. घड्याळ तासाला बारा मिनिटं पुढे जायचं आणि सासू म्हणायची, मुलगी फार उरकाची आहे.

इनागाकी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं पंपांवर होते. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक माणसाला ते याच विषयावर चाळीस मिनिटांचं व्याख्यान देत असत. व्याख्यानाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे: "ही चूक फक्त मूर्ख माणूस करतो." त्या रविवारी खोलीत बसलेल्या पाचांपैकी दोघांनी ते व्याख्यान ऐकलेलं होतं.

हा सगळा घाट कशासाठी घातला होता, ते सांगायला हवं.

ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, गावात नदीकाठच्या शाळेच्या मैदानावर नाच होतो. नाचाचं गाणं एकच. ते त्सुनेआजींनी साठ वर्षांपूर्वी गायलं, भोंग्यांना तारांनी जोडलेल्या गावच्या रेडिओ केंद्राने टेप केलं, आणि तेव्हापासून दर वर्षी तेच वाजतं. गाण्यात चार कडवी आहेत. तिसरं कडवं नदीत बुडालेल्या नावाड्यांचं. पूर्वी ते कडवं आलं की ढोल थांबायचा आणि बाई इतक्या हळू गायची, की मागून नदी ऐकू यायची. पण रेडिओ केंद्राच्या तंत्रज्ञाने नुकतंच एक नवं यंत्र आणलं होतं. ते हळू आवाजाला वर उचलायचं आणि मोठ्या आवाजाला खाली दाबायचं, म्हणजे शेतातल्या भोंग्यांवर सगळं सारखं ऐकू यावं. त्याने ढोल, टाळी, शोक, सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवला. तिसरं कडवं इतकं ठणठणीत निघालं, की दोन-तीन वर्षांत लोक त्यावर टाळ्या वाजवायला लागले. पुढे "होय! होय!" अशी आरोळीही रुजली.

त्सुनेआजी त्यानंतर नाचाला गेल्या नाहीत. त्या दिवशी त्या दाराच्या लाकडी फळ्या लावून घरात बसत. गावात म्हणत, म्हातारी तिरसट आहे.

यंदा एप्रिलमध्ये, कालवा साफ करायच्या सामुदायिक कामाच्या दिवशी, आजी सहज इनागाकींना म्हणाल्या, "मला अजून एखादं ओबोन मिळेल. तिसरं कडवं हळू वाजलं, तर येईन म्हणते."

इनागाकी म्हणाले, "करतो."

निवृत्त माणसाने 'करतो' हा शब्द बायकोला विचारल्याशिवाय तोंडातून काढू नये. पण तो निघाला होता, आणि हातात फावडं घेऊन उभ्या असलेल्या अकरा माणसांनी तो ऐकला होता.

तर, दाबलेला आवाज पुन्हा उलगडणारंही एक यंत्र असतं. हळू असेल ते आणखी हळू करायचं, मोठं असेल ते आणखी मोठं, एवढंच त्याचं काम. साधारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी हौशी लोक ते घ्यायचे. मग नवं तंत्र आलं आणि ती यंत्रं माळ्यावर गेली. इनागाकींनी टोकियोतल्या एका बंद पडणाऱ्या ध्वनिमुद्रण केंद्रातून ते मिळवलं, आणि मूळ टेप वाजवायला त्याच जागेतून जुनी टेपही, म्हणजे टेप वाजवायची मशीन, उचलली. डब्याबद्दल बोलायचं तर वस्तू देखणी होती. जाड काळा पत्रा, लोण्यासारखी फिरणारी बटणं, आणि लाल दिव्यांच्या तीन रांगा. जड सुरांची एक, मधल्यांची एक, बारीक सुरांची एक. इनागाकींनी तो उघडून आतली जोडकामं भिंगातून पाहिली आणि ते फुमिएंना म्हणाले, "ज्याने हे जोडलं, त्याच्या घरी जाऊन वाकून नमस्कार करावा असं काम आहे."

"जाऊन या," फुमिए म्हणाल्या, "तेवढ्यात मी खोली झाडून घेते."

डबा निर्दोष होता. घात टेपने केला. मोटरीवरची एक लहानशी चकती बदलली की टेप इकडच्या विजेवर नीट चालते, पण ती चकती आधीच्या मालकाने हरवली होती आणि बनवणारी कंपनी कधीच मिटली होती.

आता सल्ले सुरू झाले. न्हावी म्हणाला, चाकावर बोट ठेवून बसा. मासेवाल्या बाई म्हणाल्या, मोटरीला जड तेल घाला, मलाही गुडघ्याला तेच सांगितलंय. मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष ततामीवाले, म्हणजे गवती चटयांचा धंदा करणारे, मोचिझुकी (या गावात निम्मी घरं मोचिझुकींची, म्हणून धंद्यावरून ओळखायचं) म्हणाले, "इनागाकीसाहेब, कशाला एवढी यातायात? आमचा जावई कम्प्युटरवर हे दहा मिनिटांत करतो."

जावयाने खरंच ते दहा मिनिटांत केलं. टेपवर असलेली जुनी खरखर गेली, तिसरं कडवं स्वच्छ आणि हळू आलं. त्सुनेआजींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. लिफ्टमधली बाई सांगते ना, दार बंद होत आहे, तिच्यासारखं वाटतं."

उरला एकच मार्ग. वीज इकडे येणार नसेल, तर टेप तिकडे न्यायची. पुलापलीकडे, पन्नासच्या मुलखात.

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता इनागाकी पूर्वतीरावरच्या समाजमंदिरात हजर झाले. खिडकीमागे चिटणीस अकाइके बसले होते. सत्तरीचे, हडकुळे, बाह्यांना काळे आवरण चढवलेले.

"कारण?" अकाइकेंनी अर्ज पुढे सरकवत विचारलं.

"एक जुनी टेप ऐकायची आहे."

"संगीत?"

"हो."

"संगीत फक्त रहिवाशांना. दहा सभासदांचे सहीचे शिक्के लागतील."

"मग संगीत नाही. नुसतं यंत्र चालवून बघायचं आहे."

"यंत्रदुरुस्ती? ती आवारात मना आहे."

"आजींना त्यांचं गाणं ऐकवायचं आहे, असं लिहा."

"वृद्धकल्याण," अकाइके रकाना शोधत म्हणाले. "त्याला आरोग्यसेविकेची उपस्थिती लागते. तुम्ही कोणत्या तीरावरचे?"

"पश्चिमेचे."

"मग पश्चिमेकडच्या आरोग्यसेविकेला इकडे अधिकार नाही."

इनागाकींनी अर्ज उलटा ठेवला. खात्यात असताना त्यांनी स्वतः असे अर्ज बनवले होते, म्हणून राग येण्याऐवजी त्यांना कारागिरीचं कौतुकच वाटलं. ते वाकून निघाले. अकाइके सभ्यपणे त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि त्यांची नजर गाडीच्या मागच्या आसनावर पडली. तिथे रजईत गुंडाळलेल्या डब्याचा एक कोपरा उघडा होता.

अकाइकेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तीन रांगांचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीन रांगांचा."

"समाजमंदिर मिळणार नाही," अकाइके म्हणाले. "पण माझ्या घरी माझा स्वतःचा खांब आहे."

खांब म्हणजे विजेचा खांब. शेजाऱ्यांच्या फ्रीजची आणि धुलाई यंत्रांची कुरकुर गाण्यात उतरू नये, म्हणून अकाइकेंनी अंगणात स्वतःचा खांब आणि त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभारला होता. त्यासाठी सव्वा वर्ष अर्जविनंत्या केल्या होत्या. दहा शिक्क्यांचे नियम या माणसाला कुठून सुचतात, हे इनागाकींना आता कळलं. खांबाच्या खालच्या आकड्याला अकाइकेबाईंनी मुळे वाळत घातले होते.

"आमच्या तीराची वीज अंमळ मऊ आहे," अकाइके म्हणाले. "तुमच्याकडची तिखट लागते कानाला."

हे शास्त्राला धरून नव्हतं, हे इनागाकींना पक्कं ठाऊक होतं. पण ज्याच्या खांबाला आपली तार लावायची आहे त्याच्याशी वाद घालू नये, एवढं अडतीस वर्षांच्या नोकरीने त्यांना शिकवलं होतं.

टेप लागली. आवाज आला तो खरोखर तिशीतल्या बाईचा. रुंद, सावकाश, थोडा खरबरीत. इनागाकींनी डब्याचं बटण सरकवलं आणि लाल दिवे खाली उतरायला लागले. तिसरं कडवं आलं. आवाज बारीक होत होत पाय न वाजवता निघून चालल्यासारखा झाला. दोघं म्हातारे स्पीकरच्या जाळीला कान लावायला पुढे वाकले.

या ठिकाणी चौथ्या कडव्याचा ढोल पडतो, हे दोघंही विसरले होते.

साठ वर्षं दाबून ठेवलेला ढोल एकदम मोकळा झाला. इनागाकी मागच्या मागे बसले. अकाइकेंच्या वडिलांची तसबीर देवघराच्या भिंतीवरून उतरली आणि गादीवर पडली. कुत्रा पुढचे दोन दिवस अंगणाच्या त्या बाजूला गेला नाही. अकाइकेबाई ओले हात घेऊन आत आल्या. "काय फुटलं?"

"काही नाही," अकाइके तसबीर उचलत म्हणाले. "बाबांना ढोल आवडायचा."

पुढचे तीन आठवडे इनागाकी दर मंगळवारी आणि शुक्रवारी पूल ओलांडत होते. प्रश्न एकच होता: बटण कुठे थांबवायचं? एकवर ठेवलं तर टेप जशीच्या तशी, दीडवर ठेवलं तर कडवं गायब आणि तसबीर खाली. दाबताना किती दाबलं, याची नोंद रेडिओ केंद्राने कुठे ठेवली नव्हती. अकाइके म्हणत एक पूर्णांक तीन. इनागाकी म्हणत एक पूर्णांक चार. शेवटी त्सुनेआजींना गाडीत घालून आणलं.

"आजी, किती हळू गायला होता?"

"जेवढं गायले तेवढं."

"म्हणजे किती?"

"नदी ऐकू येईल इतकं. आता त्याला काय फूटपट्टी लावायची?"

मग बटण एक पूर्णांक चारवर थांबलं, कारण तिथे कडव्याच्या मध्ये गाणाऱ्या बाईने घेतलेला एक श्वास ऐकू आला. त्या श्वासावर दोघांचं एकमत झालं. उलगडलेलं गाणं त्यांनी एका सीडीच्या चकतीवर उतरवून घेतलं, म्हणजे ते कुठल्याही तीरावर वाजेल. आजींना त्या दिवशी त्यांनी ते ऐकवलं नाही. नाचाला यायचं ठरलं आहे, तिथेच ऐकेन, असं त्यांनीच सांगितलं.

चौदा ऑगस्टला दुपारी चार वाजता मैदानावर तालीम झाली. मधोमध मचाण, चारी बाजूंनी कंदील, बांबूवर भोंगे. चकती लावली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसरं कडवं पूर्वीसारखंच ठणठणीत वाजलं.

इनागाकी मचाणाखाली गेले. तिथे मंडळाचं तीन वर्षांपूर्वी घेतलेलं नवं ध्वनिवर्धक यंत्र होतं.

"उत्तम वस्तू आहे," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "कुणी कसंही बोलो, हळू की मोठ्याने, सगळं आपोआप सारखं करते. हरवलेल्या मुलांच्या घोषणेसाठी खास."

इनागाकी गवतावर बसले. साठ वर्षांपूर्वीचा तंत्रज्ञ नव्या पत्र्यात पुन्हा जन्माला आला होता.

"ते आपोआप बंद करता येतं का?"

"पुस्तिकेत असेल."

"पुस्तिका?"

"कपाटात."

"किल्ली?"

"खजिनदाराकडे. तो हामामात्सूला पितरांचं थडगं धुवायला गेलाय. सतराला येईल."

नाच पंधराला होता. इनागाकींनी अकाइकेंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी अकाइके स्वतःचं काचेच्या दिव्यांचं, चौतीस किलोंचं जुनं ध्वनिवर्धक यंत्र घेऊन पूल ओलांडून आले. गाडी ताशी वीसच्या वेगाने चालवत होते आणि मागे सहा मोटारींची रांग लागली होती.

अध्यक्षांनी हात आडवा केला. "पलीकडच्या तीराची सामग्री आपल्या नाचाला? नियमात बसत नाही. फक्त सभासदांची सामग्री चालते."

मचाणाजवळच्या खुर्चीवर त्सुनेआजी येऊन बसल्या होत्या. निळी-पांढरी युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, हातात पंखा. जवळजवळ साठ वर्षांनी त्या या मैदानावर आल्या होत्या आणि सगळं गाव त्यांच्याकडे चोरून बघत होतं.

"ततामीवाल्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाने इथेच माझ्या कडव्यावर पहिली टाळी वाजवली होती. आठवतंय मला. मी चालले घरी."

त्या उठायलाही लागल्या. अध्यक्षांचा हात खाली आला.

"सभासद करून घेता येईल," ते घाईने म्हणाले. "तात्पुरता. शिक्का आणलाय का?"

अकाइकेंनी शिक्का आणला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांकडून शिक्के मागणारा तो माणूस अंगठा शाईत बुडवून उभा राहिला आणि एका संध्याकाळपुरता पश्चिमतीराचा झाला.

साडेसात वाजता नाच सुरू झाला. पहिली दोन कडवी नेहमीसारखी गेली. तिसरं आलं तेव्हा सवयीने दोनशे हात वर गेले, टाळ्या वाजल्या, कुणी तरी "होय!" म्हटलं. मग टाळ्या वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की आपण कशावर टाळ्या वाजवतोय तेच ऐकू येत नाही.

"बंद पडलं!" नूडल्सच्या गाडीवरून आवाज आला.

"पलीकडचं यंत्र ते, दुसरं काय होणार," न्हावी म्हणाला.

अध्यक्ष फ्यूजकडे धावले. इनागाकी त्यांच्या वाटेत उभे राहिले. दोन्ही हात पसरून, पंपघराच्या दारात उभे राहायचे तसे. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. पावलं मात्र थांबली नाहीत, कारण नाचणाऱ्याची पावलं तालावर आपोआप पडतात. दोनशे लाकडी चपलांची वाळूवरची घसट ऐकू येऊ लागली. तिच्यावर एक बाई अगदी हळू गात होती. आणि दोन ओळींच्या मध्ये, जिथे तिने श्वास घेतला, तिथे मैदानाच्या टोकापलीकडून नदी ऐकू आली.

मग ढोल पडला. तीन पोरं रडली, एक कंदील विझला. फुमिएंच्या हातातलं सरबत इनागाकींच्या पाठीवर सांडलं. ते म्हणाले, "असू दे."

गाणं संपल्यावर लोक आजींकडे बघत राहिले. त्या पंखा हलवत होत्या. मग त्या म्हणाल्या, "घरी सोडा मला." इनागाकींनी त्यांना गाडीतून घरी पोचवलं.

ओबोननंतर तक्रारी आल्या. नूडल्सच्या गाडीपर्यंत तिसरं कडवं पोचत नाही. ढोलाने पोरं दचकतात. टाळ्या वाजवायची मजा गेली. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे सूचनांची फिरती पाटी काढली: पुढच्या वर्षी जुनं गाणं की उलगडलेलं? हवं त्या रकान्यात शिक्का मारावा आणि पाटी दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी द्यावी. मोहल्ल्यात सत्तावीस घरं. सव्विसाव्या घरापर्यंत दोन्हीकडे तेरा-तेरा शिक्के पडले होते. सत्ताविसावं घर त्सुनेआजींचं.

पाटी तिथे गेली आणि तिथेच राहिली. एक दिवस, तीन दिवस, आठ दिवस. या मोहल्ल्यात पाटी दोन दिवस अडवल्याने सोयरिकी मोडलेल्या आहेत. शेवटी अध्यक्षांनी इनागाकींना पाठवलं.

आजी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. पाटी शेजारी होती. गाण्याची चकती इनागाकींनीच त्यांना दिली होती. तिचं रिकामं पाकीट पाटीवर ठेवलेलं होतं.

"आजी, शिक्का राहिलाय तुमचा."

"माहीत आहे."

"हळू झालं नाही का पुरेसं?"

"झालं. नदी ऐकू आली." त्यांनी एक शेंग सोलली. "साठ वर्षं सांगत आले सगळ्यांना, की मी असं गायले होते. आता रोज सकाळी ऐकते. इनागाकीसाहेब, तुम्ही नेमके माणूस आहात, खरं सांगा. इतकं हळू मी गायले होते, की तुमच्या डब्याने मला चांगली गायिका केली?"

इनागाकींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बटण एक पूर्णांक चारवर होतं. तिथेच का, याचं त्यांच्याकडे एका श्वासापलीकडे काही कारण नव्हतं.

"श्वास तुमचाच आहे," ते म्हणाले. "तो डब्याला घेता येत नाही."

"हं," आजी म्हणाल्या आणि दुसरी शेंग घेतली.

ही गोष्ट सव्वीस सप्टेंबरची. आज तीस तारीख आहे. त्सुनेआजींच्या शेजारणीच्या सांगण्यानुसार रोज सकाळी सहाला त्यांच्या घरातून दोन कडवी ऐकू येतात, मग काहीच ऐकू येत नाही, मग ढोल. पाटी अजून त्यांच्याकडेच आहे.